खाटेपाशी उभा असलेला मालक

१

आमच्या दिग्रसकडे पिकावर मारायच्या विषाला 'औषध' म्हणतात. औषध मारायला गेला, औषध लागलं, औषध घेतलं. या तीन वाक्यांपैकी पहिल्यात मजुरी आहे, दुसऱ्यात विषबाधा आहे आणि तिसऱ्यात आत्महत्या आहे. शब्द मात्र एकच. ज्या गावात विषाला औषध म्हणतात, त्या गावात विषाने झालेल्या आजाराला भूत म्हटले गेले तर आश्चर्य वाटायला नको. नावे कोण ठेवतो आणि त्या नावांचा फायदा कुणाला होतो, हा प्रश्न आपण साहित्यात वारंवार विचारला आहे. तो मला येथे माणसाच्या मेंदूविषयी विचारायचा आहे.

मी सातवीत असताना घडलेली गोष्ट सांगतो. माझा मामा सालदार होता. भादव्यातले दिवस. कपाशी छातीला लागलेली. पाठीवरचा पंप गळका, अंगात बाही फाटलेली बंडी, पाय अनवाणी, वारा तोंडावर. दिवसभर फवारणी करून संध्याकाळी तो धुऱ्यावरच बसला. तोंडाला फेस, अंगाला पाझर फुटल्यासारखा घाम, उलट्या, जुलाब, दंडाचे स्नायू आपोआप थरथरत असलेले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बैलगाडीत घालून त्याला सरकारी दवाखान्यात आणले. रात्रभर सुया चालल्या. सकाळी फेस थांबला, श्वास लागला. आजीने हात जोडले.

दुसऱ्या रात्री मामा उठून बसला. बाहुल्या आता वाटाण्याएवढ्या झालेल्या. तोंड कोरडे, चेहरा लाल, अंग तापलेले. तो दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी ओढू लागला. बोटे चिमटीत धरायची, ओढायचे आणि कमरेच्या ओट्यात टाकायचे. आधी कुणालाच कळेना. मग मामी रडायला लागली. तो कापूस वेचत होता.

थोड्या वेळाने तो खाटेच्या पायथ्याकडे बघून बोलू लागला.

"थो पाय, मालक उभा हाये. पंप भर मनते. हात नाई चालून रायले, मालक!"

पायथ्याशी कुणीही नव्हते.

आजी म्हणाली, "बाहेरचं झालं याले. घरी घेऊन चाला, भगताकडे न्या." चार माणसांनी खाटेला हात घातला. त्या वेळी पाळीवर असलेली नर्स दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "याले इथून हालवलं तं वाटेतच जाईन. हे दिसनं सुईचं आहे. दोन दिवसांत उतरते." ती आमच्याच समाजातली होती, म्हणून आजीने तिचे ऐकले. दुसरी कुणी असती तर ऐकले असते की नाही, मला सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी भास उतरले. मामा त्यानंतर बावीस वर्षे जगला.

'हे दिसणं सुईचं आहे' या वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मला अर्धे आयुष्य लागले. तोच अर्थ या लेखात मांडायचा आहे.

२

आधी एक साधा प्रयोग करावा. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून दाखवावा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि उजवीकडे दहा सेंटिमीटर अंतरावर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा. कागद सुमारे सव्वा फुटावर धरून हळूहळू पुढे-मागे करा. एका ठरावीक अंतरावर ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातल्या पडद्यातून मज्जातंतूंची जुडी जिथून मेंदूकडे निघते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे आपल्या प्रत्येक डोळ्याच्या दृष्टीला जन्मापासून एक भोक आहे.

पण आयुष्यात कधी ते भोक आपल्याला दिसले काय? ठिपका गेला तिथे काळा खड्डा पडला काय? तिथे कोरा कागदच दिसला. तो कागद डोळ्याने पाहिलेला नव्हता. आजूबाजूला जे आहे तेच तिथेही असणार, असे धरून मेंदूने तो भरून काढला होता.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पाहणे ही छायाचित्र काढण्यासारखी क्रिया नाही. डोळे, कान, कातडी यांच्याकडून मेंदूकडे तुटक खबरा येतात. पूर्वीच्या अनुभवांच्या आधारे मेंदू त्या खबरांतून एक अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजालाच आपण 'दिसले' म्हणतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच पाहण्याला नकळत केलेले अनुमान म्हटले होते. एरवी बाहेरून येणारी खबर मेंदूचा अंदाज दुरुस्त करीत राहते. अंधारात दोरी साप वाटते, कंदील आणला की पुन्हा दोरी होते. कंदील आणूनही साप जात नसेल, किंवा दोरीच नसताना साप दिसत असेल, तेव्हा त्याला भास म्हणायचे. भासात मेंदू नवे काही करीत नाही. रोजचेच अंदाज बांधण्याचे काम तो करतो, फक्त ते दुरुस्त करणारी यंत्रणा ढिली पडलेली असते.

दोरी आणि साप यांचा दृष्टान्त आपल्याकडे फार जुना आहे. वेदान्त्यांनी तो जग मिथ्या ठरवण्यासाठी वापरला. ज्यांना रोज पाणी भरावे लागत नव्हते, शेण काढावे लागत नव्हते, त्यांना जग मिथ्या म्हणणे परवडले. आम्हाला तो दृष्टान्त उलट्या दिशेने वाचावा लागेल. साप खोटा असेल, पण दोरी खरी आहे. कुणाला साप दिसत असेल तर दोरी कोणती, हे शोधणे आपले काम आहे.

३

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते आणि त्या फटीतून निरोप न्यायला रसायने असतात. हे पहिल्यांदा सिद्ध केले ते ऑस्ट्रियातील ग्राझ येथे, १९२१ साली, ओट्टो लोवी या शास्त्रज्ञाने. त्याने दोन बेडकांची हृदये घेतली. एका हृदयाची मज्जातंतू चेतवून त्याची गती मंदावली आणि त्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर ओतले. दुसरे हृदयही मंदावले. म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता, तो रसायनाचा होता. या प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असे लोवी सांगत असे. त्या रसायनाला आज आपण ॲसिटिलकोलीन म्हणतो. १९३६ साली लोवीला हेन्री डेल याच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. लोवी ज्यू होता. १९३८ मध्ये नाझींनी त्याला तुरुंगात टाकले आणि पारितोषिकाचे पैसे काढून घेऊनच देशाबाहेर जाऊ दिले.

याच १९३६ साली जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ किडे मारायचे नवे विष शोधत होता. त्याच्या हाती टाबून लागले. ते इतके जहाल निघाले की लष्कराने ते माणसे मारण्यासाठी घेतले. त्याच कुळातली सौम्य केलेली रसायने पुढे जगभर शेतात आली. त्यांना ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही आमच्या कपाशीवरची नावे याच कुळातली.

हे विष करते काय? ॲसिटिलकोलीनने निरोप दिला की ते लगेच पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. विष त्या पुसणाऱ्या द्रव्यालाच बांधून टाकते. मग निरोप पुसला जात नाही. तो वाजतच राहतो. लाळेच्या ग्रंथीला 'पाझर' हा निरोप मिळत राहतो, आतड्याला 'ढकल' हा, बाहुलीला 'आवळ' हा, स्नायूला 'हल' हा. शेवटी फुप्फुसात पाणी भरते, श्वासाचे स्नायू थकतात आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. मामाचा फेस, घाम आणि टाचणीएवढ्या बाहुल्या यांचा अर्थ एवढाच.

यावर उतारा ॲट्रोपिनचा. ॲसिटिलकोलीनचा निरोप जिथे घेतला जातो ती दारे ॲट्रोपिन बंद करते. फुप्फुसे कोरडी होऊन श्वास मोकळा होईपर्यंत डॉक्टरला ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. थोडे कमी पडले तर रोगी बुडतो, थोडे जास्त झाले तर मेंदूतलीही दारे बंद होतात. मेंदूत हेच ॲसिटिलकोलीन लक्ष एकाग्र करायला आणि बाहेरून येणारी खबर नीट उचलून धरायला मदत करते. ते अडले की बाहेरची खबर क्षीण होते आणि आतला अंदाज मोकाट सुटतो. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, ताप चढतो आणि डोळ्यांसमोर माणसे उभी राहू लागतात. हवेतून किंवा अंथरुणातून काहीतरी वेचत राहणे हे या अवस्थेचे जुने लक्षण आहे, वैद्यकाच्या पुस्तकात नोंदलेले. डॉक्टर मामाला मृत्यूपासून अलीकडे ओढत होते आणि त्या ओढाताणीत तो एक पाऊल जास्त अलीकडे आला होता. दोन दिवसांत उतरेल, हे नर्स सांगू शकली ते याच ज्ञानाच्या जोरावर.

हेच ॲट्रोपिन आणि त्याचे भाऊबंद धोत्र्यात असतात. आमच्या बांधावर धोत्रा उगवतो, महादेवाला वाहिला जातो, आणि तो पोटात गेलेला माणूस असाच बडबडतो, असाच हवेतून वेचतो. गावाने धोत्र्याच्या भासाला देव जोडला, फवारणीच्या भासाला भूत जोडले. आतली खटपट एकच आहे.

४

ॲसिटिलकोलीन हे एक रसायन झाले. भासाच्या वाटा अनेक आहेत, त्या थोडक्यात पाहू.

दुसरे रसायन डोपामिन. त्याच्या शोधाची कथा आपल्या मातीतून जाते. सर्पगंधेची मुळी वेडावर देण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे गुण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली ती रक्तदाबावर चालते हे जगाला दाखवले. १९५२ साली त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि ते मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले. १९५७ साली स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे दगडासारखे निश्चल झाले. मग शरीरात ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य टोचले आणि ससे पुन्हा हालू लागले. मेंदूला डोपामिन लागते हे असे कळले. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले.

डोपामिनचे एक काम असे की, हजार गोष्टींतून 'ही महत्त्वाची' अशी खूण ते एखाद्या गोष्टीवर करते. ही खूण अवेळी, अस्थानी होऊ लागली की रस्त्यातला खोकला इशारा वाटतो, भिंतीपलीकडची कुजबूज आपल्याविषयी वाटते, आणि स्वतःच्याच मनातला विचार बाहेरून आलेला आवाज होतो. स्किझोफ्रेनिया या आजारात हे घडते. जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध प्रथम मनोरुग्णांवर वापरले गेले. ते डोपामिनची दारे बंद करते, हे पुढे कळले. तेव्हापासून साखळदंडाऐवजी गोळी हा पर्याय जगात आहे. मात्र डोपामिन वाढले म्हणजे वेड लागले, इतके सोपे गणित कुणी मांडू नये. इतर रसायनेही त्यात आहेत, आणि माणसाचे आयुष्यही आहे.

तिसरी वाट दारूची. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली जगायला शिकतो. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाला बळ देते, चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. मेंदू तोल राखण्यासाठी चेतवणारी बाजू वाढवून ठेवतो. मग एके दिवशी दारू एकदम बंद होते, दाब निघतो आणि चेतवणारी बाजू उसळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, आकडी येते, अंगावर किडे आणि साप दिसतात. यात माणूस दगावू शकतो. गावात म्हणतात, 'दारू सोडली आणि याला लागलं.' दारूबंदीसाठी झटणाऱ्या माझ्या बहिणींनी आणि कार्यकर्त्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे. जुन्या, रोजच्या पिणाऱ्याची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावी.

चौथी वाट झोपेची. झोपेत स्वप्न पडताना मेंदू स्नायूंना कुलूप लावतो. कधी जाग येते पण कुलूप तसेच राहते आणि स्वप्नही तसेच राहते. हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसले आहे असे वाटते. आपल्याकडे त्याला मुंज्या म्हणतात. तो मिनिटा-दोन मिनिटांत उठून जातो, भगत बोलवायची गरज नसते.

आणि पाचवी वाट दुःखाची. १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरने जोडीदार गेलेल्या २९३ स्त्री-पुरुषांना विचारले. जवळजवळ निम्म्यांनी सांगितले की गेलेला माणूस जवळ असल्याचे जाणवते. काहींना तो दिसला, काहींना ऐकू आला. बहुतेकांनी हे आजवर कुणालाही सांगितले नव्हते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या किती बायका रात्री अंगणात त्याची चप्पल वाजलेली ऐकत असतील! त्यांना वेड लागलेले नाही. वर्षानुवर्षे ती चप्पल त्याच वेळी वाजत होती आणि मेंदू अजून तोच अंदाज बांधतो आहे. त्या बाईला त्या क्षणी शेजारी बसणारे माणूस हवे.

५

आता मामाकडे परत येतो, कारण मुख्य प्रश्न अजून शिल्लक आहे. ॲट्रोपिनने भास झाला हे कळले. पण मालकच का दिसला? कापूसच का वेचला?

ॲट्रोपिनच्या रेणूत कापूस नाही. बोटांना चाळा लावण्यापुरते ते समर्थ आहे. त्या चाळ्याला वेचणीचा आकार मामाच्या चाळीस वर्षांनी दिला. आतला अंदाज मोकाट सुटतो असे वर म्हटले, तो अंदाज ज्याच्या त्याच्या जगण्यातून आलेला असतो. ज्याच्या आयुष्यात पायथ्याशी उभा राहून हुकूम सोडणारा एकच माणूस आहे, त्याला मरणाच्या दारातही तोच माणूस दिसतो. भगवान दिसला नाही, आई दिसली नाही. मालक दिसला, आणि तो पंप भर म्हणाला.

टी. एम. लुहरमन या अमेरिकन विदुषीने सहकाऱ्यांसह मनोरुग्णांना ऐकू येणाऱ्या आवाजांचा अभ्यास केला आणि तो २०१४-१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सॅन मॅटेओ, आफ्रिकेतील अक्रा आणि आपल्याकडचे चेन्नई या तीन ठिकाणी प्रत्येकी वीस जणांशी त्या बोलल्या. अमेरिकेतल्यांना बहुधा अनोळखी, हिंसेची भाषा करणारे आवाज ऐकू येत. अक्रात अनेकांना देवाचा आवाज येई. चेन्नईत नातेवाइकांचे आवाज असत, आणि ते पुष्कळदा घरकाम सांगत, दटावत. आजार एका जातीचा, पण शब्द ज्याच्या त्याच्या घरचे. रसायन कर्णा चालू करते; त्यातून काय बोलले जाईल ते समाज ठरवतो.

आणि कर्णा चालू होण्यातही समाजाचा हात असतो, असे आता दिसते आहे. १९३२ साली ओडेगार्ड या नॉर्वेच्या मानसोपचारतज्ज्ञाने दाखवले की अमेरिकेत स्थलांतर केलेल्या नॉर्वेजियनांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण मायदेशापेक्षा जास्त होते. पुढे ब्रिटनमधल्या कॅरिबियन वंशाच्या काळ्या लोकांत ते गोऱ्यांच्या कित्येक पट आढळले. त्यांच्या रक्तातच दोष आहे म्हणावे, तर कॅरिबियन बेटांवर राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांत ते प्रमाण तसे वाढलेले नव्हते. हॉलंडमधील हेग शहरात असे दिसले की ज्या वस्तीत आपली माणसे कमी, तिथे राहणाऱ्या स्थलांतरिताला धोका जास्त. सतत बाहेरचा, सतत खालचा म्हणून वागवले जाण्याने डोपामिनची यंत्रणा हळवी होत असावी, असा तर्क काही शास्त्रज्ञांनी २००५ साली मांडला. त्याला त्यांनी सामाजिक पराभव असे नाव दिले. हा तर्क आहे, अजून तपासला जातो आहे. पण गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. अपमान मनाला लागतो असे आपण म्हणत आलो. तो मेंदूच्या रसायनालाही लागत असेल, ही शक्यता आता विज्ञानच पुढे ठेवते आहे.

६

मामा दवाखान्यातून आला त्या आठवड्यात मालकाचा माणूस घरी आला. म्हणाला, 'याच्या अंगात आहे काहीतरी, शेतात ते वडाखालून जात होता, तिथंच लागलं.' गावाने ते उचलून धरले. मामाच्या आजारपणातले दिवस सालातून कापले गेले. भुताची भरपाई कोण देणार? पंप गळका होता, हातमोजे नव्हते, तोंडाला फडके नव्हते, हे सगळे त्या वडाच्या सावलीत झाकले गेले. भूत म्हटले की मालक सुटतो.

पण आपल्यातल्या सुशिक्षितांनाही एक सांगायचे आहे. नुसते रसायन म्हटले तरी मालक सुटतो. 'ते काही नाही, ॲट्रोपिनचा परिणाम' असे म्हणून फाइल बंद केली, तर मामाच्या पाठीवर विष का सांडत होते, हा प्रश्न त्या फाइलमध्ये येतच नाही. २०१७ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्या वर्षीची सगळीच विषे ऑर्गॅनोफॉस्फेट नव्हती. काहींवर उताराही नव्हता. त्यांत शेतकरी होते आणि शेतमजूरही. त्या वेळी मजुरांनी काळजी घेतली नाही, असे बोलले गेले. ज्याची मजुरी दिवसाची, ज्याच्याजवळ एकच सदरा, त्याने काळजी घेतली नाही! भुताच्या जागी निष्काळजीपणा आला, एवढाच फरक. दोरी पुन्हा झाकलेलीच राहिली.

म्हणून आपल्याला दोन्ही प्रश्न एकदम विचारावे लागतील. मेंदूत काय घडले? आणि ते याच माणसाच्या मेंदूत का घडले?

आपल्या स्वतःच्या घरातही पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी देव, अवतार, श्राद्ध, पिंड सारे नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा दिल्या. भिंतीवर त्या टांगलेल्या घरातूनच माझी आजी भगताकडे निघाली होती. मी तिला हसत नाही. दवाखाना दूर होता, डॉक्टर तिच्याशी बोलत नव्हता, भगत मात्र हात धरून बोलत होता. तथागताने कालामांना ऐकीव गोष्टींवर आणि परंपरेवर न विसंबता स्वतः पारखून घ्यायला सांगितले. पारखायचे तर माहिती लागते आणि ती आपल्या भाषेत, आपल्या माणसाकडून यावी लागते. त्या नर्सने ती दिली. विज्ञाननिष्ठा म्हणजे माझ्या मते एवढेच: दारात आडवे उभे राहून समजेल अशा शब्दांत सांगता येणे.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्यात गुन्हा आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या झोपड्यांना आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे बेकायदा ठरवले आणि सरकारी उपचार हा हक्क केला. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मानसिक आरोग्याचा सल्ला फुकट मिळतो. हे आपल्या विहारांच्या फळ्यांवर लिहिले गेले पाहिजे.

फवारणीच्या हंगामात कुणाला घाम, फेस, बारीक बाहुल्या दिसल्या तर कपडे काढून, अंग साबणाने धुऊन ताबडतोब दवाखान्यात न्यावे, आणि विषाचा डबा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरला नाव कळेल. दवाखान्यात तो बडबडू लागला तर त्याला हलवू नये. जवळ बसावे, नाव घेऊन बोलावे, दिवा लावून ठेवावा. आणि घरी आल्यावर पंप, मोजे, मजुरी यांचा हिशेब मालकाला मागावा.

मामाला मी मोठेपणी हे सगळे समजावून सांगितले होते. बेडकाची हृदये, ॲट्रोपिन, मेंदूतली दारे. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "असन बापा. तू शिकला. पन मालक तं तिथं होताच."

तेव्हा मला वाटले, मामाला कळले नाही. आता वाटते, दोरी त्याने माझ्याआधी पाहिली होती.